शिक्षकाची कंबर

अध्यापन हा केवळ बुद्धीचा व्यवसाय होय, ही समजूत आपल्या समाजात इतकी दृढमूल झाली आहे की, दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभा राहणारा आणि उरलेल्या वेळात पाठ वाकवून वह्यांचे गठ्ठे तपासणारा मनुष्य शरीरानेही कष्टत असतो, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. गोदीतल्या हमालाची कंबर धरली तर तिचा संबंध आपण तत्काळ त्याच्या कामाशी जोडतो. शिक्षिकेची कंबर भरून आली की मात्र वयाला, बाळंतपणाला नाही तर वाताला बोल लावून मोकळे होतो. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या व्याधींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी आणि बैठे काम करणाऱ्यांसाठी त्याने निरनिराळी प्रकरणे योजिली होती. शिक्षकाला ती दोन्ही एकाच दिवसात लागू पडतात.

कंबरेच्या भागात पाच मणके असून त्यांच्यामध्ये कूर्चेच्या लवचीक चकत्या असतात. भार पडला की चकतीतील पाणी हळूहळू बाहेर पडते आणि भार उतरला की ते परत येते. म्हणून एकाच स्थितीत दीर्घकाळ राहणे, मग ती स्थिती उभ्याची असो वा बैठकीची, कण्याला मानवत नाही. उभे असताना पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहून थकतात. वाकण्याची तऱ्हा तर याहून कठीण. स्वीडनमधील शल्यवैद्य आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा ताठ उभे असण्यापेक्षा पुढे वाकल्यावर तो पुष्कळच वाढतो असे दिसून आले. आता पहिलीच्या वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे: बाक सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, त्यावरची पाटी त्याहूनही लहान, आणि प्रत्येक मुलाचे अक्षर वळवून घेण्यासाठी बाई एकेका बाकावर वाकत वर्गभर फिरत आहेत. घरी परतल्यावर ओटा आणि धुणे त्यांची वाट पाहत असतात, हेही विसरून चालणार नाही.

दहांतील सुमारे नऊ रुग्णांच्या कंबरदुखीला बोट ठेवता येईल असे एकच कारण सापडत नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ हे निदान ऐकून मनुष्य हबकतो खरा, परंतु चकत्यांची झीज कसलीही वेदना नसलेल्या असंख्य माणसांच्या क्ष-किरण चित्रांतही आढळते. उसण भरली की आठवडाभर अंथरूण धरावे, हा आपल्याकडचा पिढीजात सल्लाही आता मागे पडला आहे. हेलसिंकी नगरपालिकेच्या सेवकांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा सोसवेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. मात्र पायातली शक्ती जाऊ लागली, जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठले पाहिजे. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा दुखणे पडल्यामुळे सुरू झाले असेल, तरीही वैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

माझी खरी तक्रार व्यवस्थेविषयी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास, पाठाच्या तयारीसह, नमूद आहेत. शाळेची संरक्षक भिंत आहे, क्रीडांगण आहे. शिक्षकाने बसावे कशावर, याविषयी मात्र एक अक्षर नाही. वास्तविक ही तजवीज करण्यास फार मोठी मंजुरी लागू नये. पाठीला आधार देणारी, पाय जमिनीवर टेकतील अशा उंचीची खुर्ची प्रत्येक वर्गात असावी. लहानांच्या वर्गात चाके असलेले एखादे बुटके स्टूल ठेवावे, म्हणजे बाईंना न वाकता मुलाच्या शेजारी बसता येईल. आणि जूनमध्ये वेळापत्रक आखताना मुख्याध्यापकांनी कोणाही शिक्षकाच्या नावावर सलग चार तास पडू देऊ नयेत, तसेच मोकळा तास बदलीच्या वर्गावर न खर्चता तो ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा.