वीजगृहाचे पाणी आणि माशांची अंडी

नवी मुंबईच्या दक्षिणेस खालापूर व पनवेल तालुक्यांतून वाहणारी पाताळगंगा नदी भर उन्हाळ्यातही आटत नाही. याचे कारण घाटमाथ्यावर आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खोपोलीच्या वीजगृहात उतरविले जाते. हे वीजगृह 1915 साली सुरू झाले. यंत्रांची चक्रे फिरविल्यावर ते पाणी पाताळगंगेस मिळते. भिरा येथील वीजगृहाचे पाणी याच रीतीने कुंडलिका नदीत जाते.

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. पाण्यावर चालणारी यंत्रे काही मिनिटांत सुरू किंवा बंद करता येतात. म्हणून मागणी वाढली की ती चालवितात व कमी झाली की थांबवितात. परिणामी खालच्या नदीचे पाणी एकाच दिवसात चढते व उतरते. पावसाळ्यात पुराच्या पाण्यापुढे हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु पावसाची उघडीप पडली की तो स्पष्ट दिसतो.

पाणी उतरू लागताच मोठा मासा डोहाकडे सरकतो. अंड्यास मात्र हलता येत नाही. महासीर माशाची अंडी पाण्याहून जड असल्यामुळे तळाच्या गोट्यांत बसतात व ती उबण्यास सुमारे तीन ते चार दिवस लागतात. एवढ्या अवधीत ती जागा उघडी पडल्यास उन्हाने अंडी सुकतात. गोट्यांखाली ओल राहिल्यास काही अंडी तग धरतात. पण नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू पाण्यावाचून जगत नाही. मरळ मासा काठाच्या शांत, गवताळ पाण्यात तरंगती अंडी घालतो व त्यांची राखण करतो. एकाएकी आलेला लोंढा ती वाहून नेतो. सारांश, पाणी किती आहे याइतकेच ते किती वेगाने बदलते यालाही महत्त्व आहे.

यावर उपाय आहे. अमेरिकेतील कोलंबिया नदीवर 1988 साली वीज उत्पादक व मत्स्यरक्षक यांच्यात करार झाला. अंडी घालण्याच्या काळात दिवसा पाणी बेताचे ठेवावयाचे, म्हणजे मासे उंच जागी अंडी घालीत नाहीत. आणि पुढे पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्या पातळीखाली पाणी उतरू द्यावयाचे नाही, असे ठरले. वीजही मिळाली व अंडीही वाचली.

हा विषय वर्गात सहज दाखविता येतो. परातीत एका बाजूस उतार देऊन गोटे पसरावेत, त्यांवर भिजविलेला साबुदाणा टाकावा व तो बुडेल इतके पाणी घालावे. मग परात कलती करून पाणी झटकन ओतावे. कोरड्या गोट्यांवर अडकलेले दाणे विद्यार्थ्यांस मोजावयास सांगावेत. पुन्हा तेवढेच पाणी घेऊन, ते उतरण्यापूर्वी किती दाणे बुडालेले राहिले पाहिजेत, यावर प्रश्न विचारावेत.

वलगणीच्या दिवसांत चढणीचे, गाभोळीने भरलेले मासे गावोगाव पकडले जातात. अंडी घालण्यापूर्वीच मादी पकडली, तर नदीचे पाणी कितीही जपले तरी उपयोग होत नाही, हेही विद्यार्थ्यांस समजवावे. वीजगृहाखालच्या पात्रात पाणी पूर्वसूचनेवाचून वाढू शकते. तेथे मुलांस उतरू देऊ नये. निरीक्षण काठावरूनच करावे.