परळीचा मालधक्का आणि लोकहित

वैद्यनाथाच्या दर्शनास परळीस येणारा यात्रेकरू आगगाडीतून उतरतो व देवळाची वाट धरतो. स्थानकालगतच्या यार्डाकडे त्याची दृष्टी सहसा वळत नाही. परंतु या गावाच्या उत्कर्षाचा प्रश्न त्या रुळांशी निगडित आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परळीस लोहमार्ग आला तो निजामाच्या राजवटीत. विकाराबादेहून बिदर-उदगीरवरून आलेला मार्ग रुंद मापाचा, तर परभणीचा एक मीटर मापाचा. एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालत नाही. सबब अशा ठिकाणी प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागते. मार्गाची आखणी सरकारने करावी आणि तिचा भार हमालाच्या पाठीने वाहावा, असा तो न्याय होता! पुढे परभणीचा मार्गही रुंद झाला व ती अडचण दूर झाली.

१९७१ साली येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि कोळशाच्या गाड्यांनी यार्डास नवे महत्त्व आले. वीज तारांवरून दूरदूरच्या शहरांस जाते. राख मात्र परळीच्याच वाट्यास येते. २०१३ व २०१५ साली पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणे किती धोक्याचे, हे त्या दुष्काळांनी दाखवून दिले आहे.

आता नवी संधी समोर आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला. पण बीडला पहिली गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे तीस वर्षांनी. तो परळीस मिळाला की येथे खरे जंक्शन होईल. त्या वेळी यार्डाची रचना केवळ कोळशाच्या सोयीने होऊ नये. शेतकऱ्याचा कापूस व सोयाबीन पावसात भिजणार नाही अशी आच्छादित जागा, हमालांस पिण्याचे पाणी व सावली, आणि धूळ बसविण्याची व्यवस्था, या गोष्टी आराखड्यातच असल्या पाहिजेत. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी व हमाल यांच्यासाठी कायदा केला. त्याचे संरक्षण मालधक्क्यावर राबणाऱ्या प्रत्येकास मिळते काय, याची चौकशी अधिकाऱ्यांनी करावी.

दरवर्षी ऊसतोडीस घरदार सोडून जाणाऱ्या या जिल्ह्यास लोहमार्गाने गावातच काम दिले, तरच तीस वर्षांची प्रतीक्षा सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.