नळ आणि नाडी

मंडळाच्या नाटकाची तालीम चालू असताना आमचा एक मित्र छाती धरून मटकन खाली बसला. वय सत्तेचाळीस. आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजनं उचलणारा, दंड असे की शर्टाची बाही तटतटावी. दोन स्टेंट बसवले, आता तब्येत उत्तम आहे. पण भेटायला गेलो तेव्हा तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अरे, मी तर व्यायाम करत होतो!"

घरी येऊन आम्ही बेसमेंटमध्ये डोकावलो. आमच्या ट्रेडमिलवर सौ.ची साडी वाळत होती.

मित्राचं दुखणं वजनांमुळे झालं असं कोणी म्हणणार नाही. कोलेस्टेरॉल, मधुमेह, आनुवंशिकता अशी कारणं अनेक. त्यातून हृदयविकार आपल्या लोकांना लवकर गाठतो. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई मंडळींवर २०१० पासून त्यासाठीच एक अभ्यास चालू झाला. त्याचं नाव, खरं सांगतो, 'मसाला'! पण कोणत्या व्यायामाने धमन्यांचं काय होतं, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना.

आम्ही इंजिनिअर. इथे येऊन एम.एस. केलं ते पाइपांतून वाहणाऱ्या पाण्यावर. लोखंडी नळ जुना झाला की बदलायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. धमनी मात्र जिवंत नळ. रक्त जोरात वाहू लागलं की त्या घर्षणाने आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि नळ स्वतःच रुंदावतो. या वायूच्या कामाचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. म्हणजे भरभर चालणं, पोहणं, सायकल यांत अर्धा-पाऊण तास जो प्रवाह वाढतो, तीच अस्तराची तालीम.

याचा पुरावा जुना आहे. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर बसून असायचा, कंडक्टर दिवसभर जिने चढायचा. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे २००० साली कोलोराडोत आढळलं की बैठ्या, मध्यमवयीन पुरुषांच्या ताठरलेल्या धमन्या तीन महिन्यांच्या चालण्याने पुन्हा लवचीक होऊ लागतात.

मग वजनं वाईट का? तसं नाही. स्नायू, हाडं, रक्तातली साखर यांसाठी ती हवीतच. पण श्वास कोंडून अवजड वजन ढकलताना नळावर काय दाब येतो ते ऐका. १९८५ साली कॅनडात बॉडीबिल्डरांच्या धमनीतच दाब मोजला. पायांनी वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला! २००४ च्या एका जपानी प्रयोगात चार महिने वजनं उचलणाऱ्या तरुणांच्या मानेतल्या धमनीची लवचिकता १९ टक्के कमी झाली. व्यायाम थांबवल्यावर ती पूर्ववत झाली. २००७ मध्ये तिथेच दिसलं की वजनांनंतर धावणाऱ्यांच्या धमन्या ताठरल्या नाहीत. तेव्हा वजनं बेताची, श्वास मोकळा आणि शेवटी चालणं.

तिसरा प्रकार आपल्या शाळेतला. मास्तर 'खुर्ची' करायला लावायचे, आठवतं? भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून, खुर्चीशिवाय बसायचं. २०२३ साली २७० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा विश्रांतीच्या वेळचा वरचा रक्तदाब उतरवण्यात असे एका जागी धरून ठेवण्याचे व्यायाम पहिले आले: सरासरी ८ अंकांची घट. चालण्या-धावण्याने आणि वजनांनी ती प्रत्येकी साडेचारच्या आसपास. पद्धत अशी: दोन मिनिटं 'खुर्ची', मग विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीनदा. मास्तरांची शिक्षा शेवटी कामी आली म्हणायची! मात्र रक्तदाब फार असेल किंवा स्टेंट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता आमचा हिशेब असा: आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस वजनं, तीन दिवस 'खुर्ची'. पहिल्या दिवशी 'खुर्ची' चाळीस सेकंद टिकली. मुलं पोट धरून हसली.

थंडीत बाहेर बर्फ असतं, म्हणून शनिवारी सकाळी दुकानं उघडण्याआधी आम्ही मॉलमध्ये चालतो. मित्रही येतो, डॉक्टरांची परवानगी घेऊन. मागच्या आठवड्यात चालता चालताच त्याने नाटकातले सगळे संवाद म्हणून दाखवले. तुम्हीही या. आणि हो, आमच्या ट्रेडमिलवरची साडी आता दोरीवर वाळते.