घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? शिरोळ पट्ट्यातले कारखाने, पीएलसी आणि दुरुस्तीचं शिक्षण

शिरोळ तालुका बाहेरच्यांना माहीत असतो तो नृसिंहवाडीच्या दत्तामुळे, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेमुळे आणि २००५, २०१९, २०२१ या सालांच्या महापुरांमुळे. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या मधल्या काळ्या रानात यंत्रांचाही मोठा पसारा आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. शिरोळचा दत्त सहकारी साखर कारखाना, टाकळीवाडीचा गुरुदत्त, यड्रावच्या पार्वती औद्योगिक वसाहतीतले माग, शेजारी इचलकरंजीचा सगळा कापडधंदा आणि कोल्हापूरच्या वाटेवर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्या. धंदे वेगवेगळे, माल वेगळा, मालकी वेगळी. पण आज यांपैकी बहुतेक ठिकाणी एखादं पॅनेल उघडलं, की आत एका रांगेत बसवलेली कार्डं आणि त्यांवर लुकलुकणारे बारीक दिवे दिसतात. तीच पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. यंत्रानं कधी चालायचं, कधी थांबायचं आणि कशानंतर काय करायचं, हे ती ठरवते.

ती थांबली, निदान थांबल्यासारखी वाटली, की रात्रपाळीच्या वायरमनवर सगळ्यांची नजर खिळते. वाहनतळावर उसाच्या गाड्या उभ्या असतात. तोडलेला ऊस वाळत असतो, म्हणजे उतारा घटत असतो. मिल थांबली की बगॅस थांबतो आणि त्यापाठोपाठ बॉयलरची वाफ डळमळते. अशा वेळी त्या माणसाच्या हातात काय असतं? एक मल्टिमीटर, एक स्क्रूड्रायव्हर आणि पुण्याच्या इंजिनिअरचा मोबाइल नंबर. त्याला आणखी काय द्यायला हवं, याचा हा आढावा आहे.

पीएलसी मुळात वायरमनसाठीच घडवली गेली, हे आधी सांगायला हवं. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या भल्यामोठ्या पॅनेलांचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की शेकडो रिलेंची वायरिंग नव्यानं करावी लागे. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र काढलं, तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून नाव पडलं मॉडिकॉन ०८४. त्याची भाषा त्यांनी जाणूनबुजून रिलेच्या नकाशासारखी ठेवली. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, त्यांवर कॉन्टॅक्ट आणि कॉइल. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवी विद्या शिकावी लागू नये, हाच त्यामागचा हेतू होता. आपल्याकडे मात्र हे यंत्र आलं ते बाहेरच्या पुरवठादाराबरोबर, कुलूपबंद पॅनेलमध्ये आणि ‘हात लावू नका’ या सूचनेसह. ज्याच्यासाठी ते केलं, त्यालाच ते परकं झालं.

उदाहरण साखर कारखान्यातलंच घेऊ. पॅनमध्ये शिजवलेला मासक्वीट, म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं दाट मिश्रण, बॅच सेंट्रिफ्यूगलमध्ये येतो. जाळीची टोपली आधी सावकाश फिरते, मासक्वीट भरला जातो, मग ती वेग घेते, मळी बाहेर फेकली जाते. भिंतीला चिकटलेल्या साखरेवर गरम पाण्याचा फवारा बसतो. पुढे वेग उतरतो आणि प्लाऊ, म्हणजे नांगराच्या फाळासारखं पातं, आत येऊन साखर खरवडतं. हा सगळा क्रम पीएलसी सांभाळते. त्यात एक अट, म्हणजे इंटरलॉक, अशी, की प्लाऊ पूर्ण मागे, आपल्या जागी गेल्याची खूण मिळाल्याशिवाय टोपली वेग घेणार नाही. ही अट हवीच. पातं आत असताना टोपली जोरात फिरली, तर काय होईल ते सांगायला नको.

आता समजा, मध्यरात्री मशीन अडलं. पडद्यावर अक्षरं आली, प्लाऊ जागेवर नाही. डोळ्यांना तर पातं मागे दिसतंय. ‘पीएलसी गेली’ असा पुकारा होतो. शिकलेला माणूस आधी इनपुट कार्डावर त्या खुणेचा दिवा बघतो. दिवा विझलेला. मग तो त्याच वायरच्या टर्मिनलवर मीटर लावतो. २४ व्होल्ट तिथपर्यंत येत असतील आणि तरी दिवा लागत नसेल, तर दोष कार्डात नाहीतर त्याच्या कॉमनमध्ये. व्होल्टेज येतच नसेल, तर कार्ड निर्दोष आणि वाट बाहेर मशीनकडे जाते. एका मापात अर्धा कारखाना संशयातून सुटला. पुढची पायरी म्हणजे मशीनवरचा प्रॉक्सिमिटी स्विच, कामगारांच्या तोंडी ‘प्रॉक्सी’. मोटरचा पुरवठा आणि हवा दोन्ही तोडून, कुलूप लावून, फक्त २४ व्होल्ट चालू ठेवून त्याच्यासमोर पाना धरायचा. प्रॉक्सीचा दिवा लागला तर तो शाबूत आहे. मग बघायचं, पट्टी वाकली आहे का, हवेचा दाब कमी पडल्यानं सिलेंडर दोन बोटं अलीकडेच थांबतोय का, की वाळलेल्या पाकानं पातं अडवलंय.

पुरवठा तोडून, कुलूप लावून, हे शब्द मी मुद्दाम घातले. पाना समोर धरला की पीएलसीला वाटतं पातं जागेवर आहे, आणि ती मशीन सोडू शकते. दोष शोधण्याची प्रत्येक युक्ती म्हणजे यंत्राला घटकाभर खोटं सांगणं असतं. कोणतं खोटं कुणाच्या जिवावर बेतेल, हे आधी शिकवलं पाहिजे आणि मीटर कसा धरायचा ते नंतर. रात्री वायर मारून बायपास केलेला इंटरलॉक सकाळपाळीला न सांगता तसाच राहिला, तर त्याची किंमत पुढच्या पाळीतला माणूस मोजतो. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा ट्रिप असा कुणी बायपास करू लागला, तर त्याला दुरुस्ती म्हणताच येणार नाही.

आत्ताचं शिक्षण इथपर्यंत पोचतं का? आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. त्यात पीएलसीची ओळख होते, पण ती सराव-किटवर. चार स्विच, चार दिवे, एक मोटर. मुलं प्रोग्राम लिहून मोटर चालवून दाखवतात. किटवर वायर सैल होत नाही, पाक साचत नाही, उंदीर केबल कुरतडत नाही. कंपन्यांचे तीन-पाच दिवसांचे वर्ग पुण्या-मुंबईला होतात, तिथंही भर टायमर, काउंटर आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यांवर. परत येऊन बघावं तर कारखान्यातली पीएलसी जुनी, दुसऱ्याच मेकची. प्रोग्राम लिहिणं आणि दोष शोधणं ही वेगळी कौशल्यं आहेत, आणि पाळीवरच्या माणसाला दुसरं लागतं. आपण त्याला पहिलं शिकवतो आणि मग दुसरं येत नाही म्हणून त्यालाच बोल लावतो.

याबाबत डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतलं एक काम फार मोलाचं आहे. येन्स रासमुसेन आणि येन्सन यांनी इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना काम करताना मोठ्यानं विचार करायला सांगितलं आणि १९७४ साली निष्कर्ष छापले. हे लोक सर्किटचा सिद्धांत मांडून, तर्काची लांब साखळी लावून दोषाकडे जात असतील, अशी इंजिनिअरांची अपेक्षा. प्रत्यक्षात ते भराभर सोपी मापं घेत, इथं ठीक, इथं नाही, असं करत जागा आवळत नेत. मापं जास्त व्हायची, पण डोक्यावर भार कमी आणि रीत कुठल्याही यंत्राला चालणारी. तंत्रज्ञांची ही पद्धत अडाणी नाही, त्यांच्या कामाला ती शहाणपणाची आहे, हे त्या अभ्यासानं दाखवलं.

कोल्हापूरच्या माणसाला यात आपलीच रीत दिसेल. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी ऑइल इंजिनं उघडून, मोजून, पुन्हा ओतून उभी केली. ही परंपरा हातानं विचार करणाऱ्यांची. पीएलसीनं तिची एकच अडचण केली. पेटी उघडली तर आत बघण्यासारखं काही नाही. जे बघायचं ते बाहेर, दिव्यांवर आणि टर्मिनलवर. मिस्त्रीची नजर तिकडे वळवली, की त्याची जुनी रीत तशीच चालते. त्यासाठी त्याला इंग्रजी पुस्तक पाठ करायची गरज नाही. तीन प्रश्न पुरतात. इनपुटचा दिवा लागला का? आउटपुटचा दिवा लागला का? आउटपुटचा लागला असेल तर यंत्र हललं का? आउटपुटचा दिवा लागून व्हॉल्व्ह उघडला नाही, तर फ्यूज, रिले, कॉइल, हवा. दिवाच लागला नाही, तर कोणती अट अपुरी राहिली ते नकाशात मागे मागे जाऊन बघायचं. बहुतेक वेळा घोडं पेंड खातं ते बाहेरच, पेटीत नाही.

साखरेच्या धंद्याला या शिक्षणासाठी एक सोय आयती मिळते, ती म्हणजे बंद काळ. दसरा-दिवाळीच्या आसपास बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, आणि उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पुढचे कित्येक महिने ओव्हरहॉलिंग चालतं. त्या दिवसांत खरं मशीन, खरं पॅनेल मोकळं असतं. तिथंच दोष घालून ठेवावेत. एक टर्मिनल सैल करावं, एक फ्यूज काढावा, प्रॉक्सी दोन मिलिमीटर मागे सरकवावा, पीएलसी आणि उपकरणं जोडणाऱ्या प्रोफिबस केबलच्या मधल्याच कनेक्टरचा टर्मिनेशन स्विच ऑन करून ठेवावा, म्हणजे त्याच्या पुढची सगळी उपकरणं एकदम गायब होतात. मग जोडीनं माणसं सोडावीत आणि प्रत्येक मापाआधी ‘काय दिसेल असं वाटतं?’ हे बोलायला लावावं. लिझॅन बेनब्रिज या संशोधिकेनं स्वयंचलनावरच्या १९८३ च्या निबंधात बजावलं होतं, की यंत्र जितकं आपोआप चालेल तितका माणसाचा हात क्वचित लागेल, आणि क्वचित लागणारं कौशल्य गंजतं. म्हणून हा सराव दर वर्षी हवा. एकदा प्रमाणपत्र मिळालं म्हणजे झालं, असं होत नाही.

मागांच्या शेडमध्ये ही सोय नाही. तिथं वर्षभर धागा चालू, आणि एका मालकाकडे शिकवायला वेगळा माणूस नसतो. चार-सहा शेडनी मिळून एक बंद पडलेलं पॅनेल विकत घेऊन सरावाला ठेवणं, एवढं तरी जमण्यासारखं आहे.

शिरोळला आणखी एक धडा खास आपला म्हणून शिकवावा लागेल, पुराचा. पाणी शिरलेलं पॅनेल पूर उतरल्यावर घाईनं चालू करायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. धुवायचं, वाळवायचं, मग इन्सुलेशन मोजायचं. घात होतो तो इथं. मोटरची केबल ५०० व्होल्टच्या मेगरनं, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं, तपासायची सवय असते. त्याच हातानं कार्डाला जोडलेल्या सेन्सरच्या वायरीला मेगर लावला, तर पुरातून वाचलेलं २४ व्होल्टचं कार्ड कायमचं जातं. आधी कार्डाकडची वायर सोडायची, मग मेगर. पॅनेल तळमजल्यावरून वर उचलून बसवणं हा खर्चाचा निर्णय संचालकांचा, पण पूररेषेची खूण भिंतीवर बघणारा वायरमन त्या बैठकीत असला पाहिजे.

संचालकांनी करायच्या गोष्टी आणखीही आहेत. नवं पॅनेल घेताना प्रोग्रामची प्रत, पासवर्ड आणि शेवटच्या बदलासहित नकाशे ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नये. नकाशा खोटा असेल तर शिकवलेली रीत पहिल्याच वळणावर फसते. प्रत्येक विभागात मराठीतली दोषवही असावी. लक्षण, मापं, सापडलेलं कारण, आणि बायपास केला असेल तर कुणी, केव्हा केला आणि कधी काढला.

आणि सगळ्यात आधी सोडवायचा प्रश्न हंगामी कामगारांचा. रात्रपाळीला मशीनजवळ असणाऱ्यांत पुष्कळ जण हंगामी असतात. बंद काळात ते रिटेन्शन भत्त्यावर घरी, शेतावर असतात, आणि प्रशिक्षण नेमकं तेव्हाच, कायम कामगारांसाठी होतं. ज्यानं मध्यरात्री पहिला दिवा बघायचा, तोच वर्गात नसतो. पंधरा दिवस त्यांना पूर्ण पगारावर बोलवून त्यांच्याच मशीनवर शिकवणं, ही तरतूद येत्या पट्ट्याआधी अंदाजपत्रकात बसवता येईल.