चिकाचा दिवस

पहाटे साडेचार. पातेल्याचं झाकण काढते. पाच किलो गहू तीन दिवस भिजत होते, रोज त्यांचं पाणी बदललं, काल संध्याकाळी ते वाटून, पाण्यात कुस्करून पातळ फडक्यातून गाळून घेतले. रात्रभरात चीक तळाशी घट्ट बसलाय आणि वर पिवळसर, आंबूस वासाचं पाणी आलंय. पातेलं न हिंदकळवता हे पाणी निथळायचं. हात जरा धसमुसळा झाला की पाण्याबरोबर चीकही जातो, म्हणून हे काम सासूबाई अजूनही स्वतःकडेच ठेवतात.

कुरडईला लागतं काय? गहू, पाणी, मीठ, हिंग. साहित्य इतकंच, पण वेळ चुकवून चालत नाही. चीक अंधारात शिजला तर सोऱ्यातून पडलेली कुरडई पहिल्या किरणापासून वाळायला लागते. सकाळ हातची गेली तर ती संध्याकाळपर्यंत आतून ओलीच राहते आणि तिला आंबट वास धरतो.

भिजवण्याचा मुहूर्त मात्र आमच्याकडे पंचांगावरून निघत नाही, नळावरून निघतो. या शहरात बहुतेक वस्त्यांना पाणी रोज येत नाही. १६१० मध्ये मलिक अंबरने हे शहर खडकी या नावाने वसवलं, जमिनीखालून नहरी काढून गावात पाणी खेळवलं. तसंच नळांतून आणलेल्या झऱ्याच्या पाण्यावर पाणचक्कीचं जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळलं जायचं. आज आमचं पाणी पैठणच्या जायकवाडीतून, पन्नासेक किलोमीटरवरून येतं. त्यामुळे नळाचा दिवस कळला की त्याच दिवशी गहू भिजत घालायचे, म्हणजे पाणी बदलायला टाकी भरलेली असते. बदललेलं पाणी कढीपत्त्याला आणि मोगऱ्याला जातं.

पाच वाजता आधण. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून घराघरात वाटी-चमच्याचं माप रुजवलं, कुरडईला हे माप फार उपयोगी पडतं. वाटीभर चिकाला वाटीभर पाणी, चीक फार घट्ट असेल तर थोडं जास्त. पाण्याला खळखळून उकळी आली की मीठ, हिंग घालायचं आणि चीक बारीक धारेनं सोडायचा. एकीनं ओतायचं, दुसरीनं चाटू फिरवायचा. “हात थांबवू नको गं, गाठी धरतील,” सासूबाई दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी ते सांगायची गरज असते, कारण घट्ट व्हायला लागलेला चीक मनगट मोडून काढतो. पांढरा रंग जाऊन चकाकी आली, ओल्या बोटाला चिकटेना झाला, की शिजला. मग झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. कच्चा राहिलेला चीक सोऱ्यातून तुटत पडतो आणि अशी कुरडई तळताना फुलत नाही.

सहा वाजता आम्ही गच्चीवर. शेजारच्या आपा आपला पितळी सोऱ्या घेऊन आल्यात. “वहिनी, गरम आहे तोवर घाला, मी दाबते,” म्हणत त्यांनी बाही वर केलीसुद्धा. एकटीनं करायचं हे काम नव्हेच. एक खालून पातेल्या आणते, एक सोऱ्यात चीक भरते, एक दाबते, आणि एक लहान मूल तरी कावळे-चिमण्या हाकायला लागतं. आपांच्या हातून पडणारी कुरडई गोल, सुटी, मध्ये जाळी ठेवून असते. माझी थोडी दाट पडते. पुतणीच्या रुखवतासाठी थोड्या चिकात गुलाबी आणि हिरवा रंग घातलाय, त्या कुरडया आपांनीच घातल्या.

सातला न्याहारी, तीही चिकाचीच. मुलांना दूध-साखर घालून आवडतो. पण खरा चीक खायचा तो करडईचं कच्चं तेल आणि लाल तिखट घालून, वाटी हातात धरवणार नाही इतका गरम. वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशीच हे खाणं मिळतं. वाळवण विकत आणता येतं, ही वाटी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

साडेआठपर्यंत गाळून उरलेला चोथा बघायचा. त्यात लसूण, जिरं, तीळ, तिखट, मीठ घालून शिजवायचं आणि भुसवड्या थापायच्या. गव्हातलं काही म्हणजे काही वाया गेलेलं नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

दहाला स्वयंपाक, आणि आज तो अर्ध्या तासात उरकायचा. अशा दिवशी मराठवाड्याच्या घरात येसर धावून येतं. धान्यं, डाळ आणि मसाले भाजून एकत्र दळलेलं हे पीठ डब्यात असलं की फोडणी करायची, पाणी घालायचं, येसर कालवून सोडायचं आणि उकळी आणायची. दाट, खमंग आमटी तयार. ज्वारीची भाकरी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा. पाहुणे आले तरी मला याची लाज वाटत नाही. पंगतीतही लोक हीच आमटी वाटीला तोंड लावून पितात.

दुपारी बारा ते चार गच्चीवर पाय ठेववत नाही. एप्रिल संपत आला की पारा चाळिशी ओलांडतो. पठारावरचं हे कोरडं, रखरखीत ऊनच आमचं वाळवण करतं. मुंबईची नणंद दमट हवेला कंटाळून आपले पापड आमच्याच गच्चीवर वाळवायला पाठवते.

ऊन आपलं काम करतंय तोवर आम्ही गोधडीवर बसतो. भाचीचं बाळंतपण जवळ आलंय. सासूबाईंची दोन सुती लुगडी आणि माझी एक जुनी साडी धुऊन, पुन्हा पुन्हा धुऊन मऊ केली आहे. लहान अंगाला नवं कापड बोचतं, म्हणून जुनंच घ्यायचं. फरशीवर लुगडी ताणून अंथरली, चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आधी कच्चे टाके घातले. ही पायरी गाळायचा मोह होतो, पण ती गाळली की आतले थर सरकतात आणि गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात. मग कडेपासून धावदोरा, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ. थरांमध्ये अडकलेली हवा थंडीत ऊब देते, म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ थर बरे. सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण टाका बघावा तो त्यांचाच. मी पाच-सहा सुया ओवून त्यांच्यापुढे ठेवते आणि त्या न बोलता एकेक संपवतात. इथल्या हिमरू कापडाच्या दुकानांपुढे पर्यटक थांबतात, आणि थांबायलाच हवं. पण घरातलं हे शिवणकाम घरातलीच माणसं ओलांडून जातात, हे मला खुपतं.

साडेचारला पुन्हा गच्ची. वरून वाळलेल्या कुरडया कापडाला धरून बसतात. कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, की त्या अलगद सुटतात. ओढल्या तर चुरा. उलट्या करून परातीत मांडल्या. आज आणि उद्या खाली उतरवून झाकायच्याच, कारण वैशाखाच्या तोंडाशी अवकाळीचा भरवसा नसतो. अजून दोन कडक उन्हं हवीत. तोडताना कट्कन आवाज आला की डबा भरायचा. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या पानात आमरसाशेजारी यांतलीच पहिली कुरडई तळून वाढायची आहे.

रात्री नऊ. आपांचे गहू कालपासून भिजताहेत आणि त्यांच्याकडे पाणी संपलंय. दोन बादल्या जिन्यावरून खाली पोचवल्या. परवा त्यांचा चीक. सोऱ्या दाबायची पाळी माझी.