निसटणारा दाब

जपानच्या ओ.एस. कंपनीने १९७६ साली एफएस-६० हे इंजिन बाजारात आणल्यानंतर हौशी मंडळींच्या छोट्या विमानांना चार-स्ट्रोकचा जो संयत, गंभीर ध्वनी लाभला, त्याच्याबरोबर झडपांची निगा राखण्याची जबाबदारीही त्यांच्या पदरी आली. पंखा हाताने फिरविताना नेहमीचा अटकाव जाणवेनासा झाला, म्हणजे दाब कोठून तरी फरारी होत आहे असे समजावे. परंतु तत्काळ इंजिन खोलणे हा उतावळेपणा होय.

प्रथम ग्लो-प्लगची बॅटरी सोडवून पंखा सावकाश फिरवावा आणि कान द्यावा: फुसकारा कार्ब्युरेटरातून आला तर इंधन आत घेणारी झडप, सायलेन्सरातून आला तर धूर सोडणारी झडप, आणि क्रँककेसच्या नळीतून आला तर पिस्टनची रिंग गुन्हेगार ठरते, प्लगच्या बुडाशी तेलाचा थेंब सोडल्यास उठणारे बुडबुडे तेथील गळतीची साक्ष देतात. माझ्या मते पहिली तहकिकात झडपेच्या फटीचीच, म्हणजे रॉकर व झडपेची दांडी यांमधील अंतराचीच, करावी, कारण इंजिन थंड व दोन्ही झडपा मिटलेल्या असताना ओ.एस.च्या इंजिनांत ती ०.०४ ते ०.१० मिलिमीटर लागते, आणि ती नाहीशी झाली की झडप बैठकीवर पुरती टेकतच नाही. एरंडेल तेलाच्या जळक्या थराने रिंग खाचेत जखडली असल्यास ती साफ करावी. नवी रिंग मात्र सिलिंडरशी जुळेपर्यंत दाब काहीसा कमीच दाखविते.