अतिसममिती : सुरुवात वही-पेन्सिलीने

बारावीचा एखादा जिज्ञासू विद्यार्थी शिक्षकांना विचारतो, "सर, सुपरसिमेट्री मला स्वतः वाचून समजेल का?" 'एम. एस्सी.ला गेल्यावर बघ' असे उत्तर देणे सोपे असते. पण ते पूर्ण खरे नाही.

एम. एस्सी.ला असताना एका उन्हाळी सुट्टीत मी या विषयावरील ग्रंथातली समीकरणे उतरवून दोन वह्या भरल्या. सुट्टीनंतर मित्राने विचारले, "यात नेमकी कशाची अदलाबदल होते?" मला सांगता आले नाही! स्वतः पूर्ण सोडवता येईल असे लहानात लहान उदाहरण मी आधी शोधायला हवे होते. ते उदाहरण आता पाहू.

निसर्गातील मूलकण दोन जातींचे असतात. फोटॉनसारखे बोसॉन एकाच अवस्थेत कितीही राहू शकतात. इलेक्ट्रॉनसारखा फर्मिऑन एका अवस्थेत एकच. या दोन जातींची अदलाबदल केली तरी नियम तेच राहतात, असे मानणारी कल्पना म्हणजे अतिसममिती, अर्थात सुपरसिमेट्री. व्हेस आणि झुमिनो यांनी १९७४ मध्ये तिचे प्रसिद्ध प्रारूप मांडले.

पुंजयामिकीत दोलकाची ऊर्जा ठरावीक टप्प्यांनीच वाढते. एक टप्पा म्हणजे १ एकक मानू. बोसॉन-दोलकाच्या ऊर्जा ०.५, १.५, २.५ अशा चढत जातात. फर्मिऑन-दोलकाला दोनच पातळ्या : कण नसताना −०.५ आणि असताना +०.५. आता दोन्ही दोलक एकत्र घेऊन बेरजा करा. ०, १, २, ३... अशा ऊर्जा मिळतील. शून्य एकाच प्रकारे मिळते. पुढची प्रत्येक ऊर्जा मात्र दोन प्रकारे. उदाहरणार्थ, १ म्हणजे १.५ − ०.५, किंवा ०.५ + ०.५. एक बोसॉन काढून त्याजागी फर्मिऑन ठेवला, तरी ऊर्जा तीच राहिली. हीच अतिसममिती! १९८१ मध्ये एडवर्ड विटेन यांनी अतिसममिती कशी भंगते हे तपासण्यासाठी पुंजयामिकीतील अशाच साध्या प्रारूपांचा आधार घेतला.

दुसरा फर्मिऑन का ठेवता येत नाही? पहिल्या ओळीत ०, १ आणि दुसऱ्या ओळीत ०, ० अशी मॅट्रिक्स घ्या. ती 'एक फर्मिऑन ठेवा' ही क्रिया दर्शवते. तिचा वर्ग करा; उत्तर शून्य येते. म्हणजे ही क्रिया लागोपाठ दोनदा करताच येत नाही.

आता फर्मिऑनचा टप्पा १.५ करा. त्याच्या पातळ्या −०.७५ आणि +०.७५ होतील. पुन्हा बेरजा करा. जोड्या फुटलेल्या दिसतील. निसर्गातही सममिती तंतोतंत असती, तर इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा त्याचा बोसॉन जोडीदार केव्हाच सापडला असता. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला. असा जोडीदार कण मात्र अद्याप एकही सापडलेला नाही. तेव्हा ही कल्पना सुंदर असली, तरी निसर्गाने ती स्वीकारली आहे असे म्हणता येत नाही. विद्यार्थ्याला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

पुढची वाट लांब आहे : कलनशास्त्र, मॅट्रिक्स, पुंजयामिकी, विशिष्ट सापेक्षता आणि मग पुंजक्षेत्र सिद्धांत. यांतली एकही पायरी गाळता येत नाही. मात्र प्रत्येक पायरीवर एक कसोटी लावता येते : पुस्तक मिटून एक उदाहरण स्वतः सोडवता येते का? तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला परत पाठवू नका. त्याला वरच्या बेरजा करायला द्या, आणि त्याने काय पाहिले ते वर्गाला सांगायला लावा.